नामाच्या सुराचा कंप

आमच्या सोसायटीने गेल्या वर्षी गणपतीच्या विसर्जनाला बँड आणला होता. पुढे पंचविशीतला एक ट्रम्पेटवाला. गडी हुशार, फुंक दमदार. पण प्रत्येक सूर असा गदागदा हलवत होता की विचारू नका. बायका माना डोलवत होत्या, कुणी मोबाइलवर शूटिंग घेत होतं. मी गर्दीतून घुसलो आणि त्याचा हातच धरला. म्हटलं, "जरा सरळ सूर काढून दाखव." त्याला वाटलं, म्हातारा दुपारीच घेऊन आलाय. तरी बिचाऱ्याने दाखवला. चांगला आठ मात्रा, काठीसारखा सरळ. तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला. "आता हलव हवा तेवढा," म्हणून मी बाजूला झालो. सेक्रेटरींनी नंतर विचारलं, "काका, कसलं टेन्शन घेतलंत?" मिरवणुकीत काय सांगणार? इथे सांगतो.

मी काशीनाथ, मूळ सारसोळ्याचा कोळी. आज नेरूळ म्हणून जे टॉवर दिसतात तिथे तेव्हा भातखाचरं, मिठागरं आणि चिखल होता. नवी मुंबई हे नाव कुणी स्वप्नातही ऐकलं नव्हतं. मी सांगतोय ते साठ सालाच्या आगेमागचं. आम्हा अकरा जणांचा ब्रास बँड होता. दिवसा कुणी जाळी टाकायचा, कुणी मिठागरात राबायचा, आणि तुळशीचं लग्न लागलं की पावसाला सुरुवात होईपर्यंत आम्ही लाल कोट चढवून बेलापूरपासून घणसोलीपर्यंत लग्नं वाजवायचो. अंगात रुबाब एवढा की नवरदेवापेक्षा आम्हीच जास्त मिरवायचो.

बाहेरच्या माणसाला वाटतं, पितळी बाजा फुंकला की वाजतो. अहो, फुंकून फुगा फुगतो, कॉर्नेट, म्हणजे ट्रम्पेटचा बुटका भाऊ, नाही वाजत. ओठ घट्ट मिटून त्यांच्या फटीतून वारा सोडायचा, ओठ फुरफुरले पाहिजेत. त्या फुरफुरीचा सूर होतो. बाजा फक्त तो मोठा करून लोकांच्या कानावर घालतो. म्हणजे वाजतो तो माणूस. हे मी शेकडो लग्नांत शेकडो जणांना समजावलं, आणि प्रत्येकाने शेवटी विचारलं, "पन ही बटनं कशाला?"

गिऱ्हाइकं तर अशी भेटली की काय सांगू! बेलापूरच्या एका वरबापाने सगळी वरात होडीतून न्यायची ठरवली आणि आमचा बँडही एका होडीत उभा केला. अट अशी की धक्का येईपर्यंत वाजवणं थांबता कामा नये. मधेच होडी कलंडली. आमचा मोठ्या ढोलाचा गडी ढोलाला मिठी मारून पाण्यात, ढोल तरंगतोय म्हणून तोही तरंगतोय, आणि वरबाप दुसऱ्या होडीतून ओरडतोय, "ढोल का थांबला रं?" त्या गड्याने पाण्यातूनच दोन टोले हाणले. असा आमचा धंदा.

आम्हाला शिकवलं इनास मास्तरांनी. ते मूळचे गोव्याकडचे. मुंबईत कुठल्याशा सरकारी बँडमधून निवृत्त झाले आणि बेलापूरला खोली घेऊन राहिले. दर रविवारी चालत सारसोळ्याला येत. गावात गोंगाट नको म्हणून मिठागराच्या बांधावर आमची शाळा भरायची. पहिलं वर्षभर त्यांनी आम्हाला एक गाणं शिकवलं नाही. फक्त लांब सूर. समोरून होडी दिसली की फुंकायला सुरुवात करायची आणि ती होड्या बांधायच्या खुंटापाशी पोचेपर्यंत सूर हलता कामा नये. वारा पडला असला की होडी मेली जागची हलायची नाही आणि आमचे डोळे बाहेर यायचे.

कंप त्यांनी अगदी शेवटी शिकवला. ते त्याला व्हायब्रेटो म्हणायचे, आम्ही म्हणायचो सूर हलवणं. त्याचे तीन रस्ते. उजवा हात बटणांवर असतो, तो किंचित मागेपुढे केला की ओठावरचा दाब कमीजास्त होतो आणि सूर हलतो. किंवा हनुवटी हलवायची, चघळल्यासारखी. किंवा पोटातून श्वासच लाटेने सोडायचा. रस्ता कुठलाही घ्या, नियम एकच. सूर आधी सरळ उभा करायचा, लोकांना तो नीट कळू द्यायचा, आणि लांब असेल तरच शेवटाकडे थोडा हलवायचा. सगळ्यांनी मिळून वाजवताना नाही. कूच करताना नाही. मास्तर म्हणायचे, "मीठ तुमच्या गावात ढिगानं आहे म्हणून कालवणात ढीग टाकता काय रे?"

एका ठिकाणी तर कंपाला सक्त बंदी होती, ते म्हणजे सलामीचा सूर. ही आमच्या बँडची रीत, मास्तरांनीच पाडलेली. मंगलाष्टकं संपून अंतरपाट खाली आला की इतर बँडवाले एकदम धडाडधूम सुरू करायचे. आमच्याकडे आधी पहिला कॉर्नेट, म्हणजे मुख्य वाजवणारा, एकटा एकच सूर लावायचा. लांब, सरळ, आठ मात्रा. तोवर ढोलवाल्याने टिपरू वर धरून थांबायचं. तो सूर संपला की मग सगळा बँड कोसळायचा. त्या आठ मात्रांत मांडवातल्या माणसांच्या अंगावर काटा यायचा. गावोगावी लोक आम्हाला त्या सलामीवरून ओळखायचे, आणि सलामी सरळ लागली की संसार सरळ होतो, असंही बायका बोलायला लागल्या होत्या.

आमचा पहिला कॉर्नेट होता नामदेव. नामा. मी दुसरा कॉर्नेट. नामा माझा लहानपणापासूनचा दोस्त आणि माझ्या धाकट्या बहिणीचा, हिराचा, नवरा. नात्याने मेहुणा, पण आमचं आपलं अरेतुरेच. मासळी कमी झाली तसा त्याने खाडीपलीकडे काम धरलं. सकाळी होडीने ट्रॉम्बे, तिथून बसने कुर्ल्याकडे एका लहानशा वर्कशॉपमध्ये. तिथे ताप बघायच्या काचेच्या नळ्या बनायच्या. त्या नळ्यांत पारा भरायचं काम नामाचं. खोली बंद, खिडकी लावलेली, कारण वाऱ्याने काम बिघडायचं. सावलीत बसून काम, वर महिन्याचा पगार. गावात सगळ्यांना त्याचा हेवा वाटायचा, मलाही वाटायचा.

दोनेक वर्षांनी नामाच्या सुरात कंप यायला लागला. आणि काय कंप होता म्हणून सांगू! बारीक, दाट, सुरुवातीपासून शेवटापर्यंत. मुलगी सासरी निघाली आणि नामाने पाठवणीचं गाणं धरलं की दगडाला पाझर फुटायचा. पुरुष माणसं धोतराच्या सोग्याने डोळे पुसायची. "रडनारा कॉर्नेट" म्हणून त्याचं नाव झालं. मी त्याच्यामागे लागलो, "मनाबी शिकव की." तो नुसता म्हणायचा, "ते आपोआप येतं रं." मला वाटायचं, हा चोरतोय. घरी जाऊन मी उजवा हात हलवून हलवून थकलो. माझा सूर रडण्याऐवजी बकरीसारखा बें बें करायचा.

मग नामाच्या आणखी तऱ्हा सुरू झाल्या. लोकांकडे पाठ करून वाजवायला लागला. अनोळखी माणूस समोर आला की त्याला घाम फुटायचा. जरा कुणी काही बोललं की अंगावर धावून जायचा. बाज्यातून थुंकीचं पाणी काढायला आम्ही दोन गाण्यांनंतर थांबायचो, हा दर कडव्याला थांबायचा. आम्ही काय म्हणालो असू? "मोठा कलाकार झाला ना, मिजास येनारच." कौतुकानेच म्हणायचो. आता ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

एकदा हिरा माझ्याकडे आली. म्हणाली, "दादूस, यांना मासळीचे काटे काढता येत नाय. मी काढून देते, पोराला देतात तसे. यांना कुठं दाखव ना."

कोळ्याला काटे काढता येत नाहीत! तिथेच मी चमकायला हवं होतं. मी तिला म्हणालो, "थकला असंल. रोज कुर्ल्याला जातो का कमी हाय? सीझन संपू दे, बघू."

त्याच दिवसांत नामाने वर्कशॉपमधून एका लहान बाटलीत थोडा पारा आणला होता. फडक्यावर थेंब घेऊन पितळेवर घासला की पितळ चांदीसारखं लखलखायचं. आधी त्याने गंमत म्हणून स्वतःच्या कॉर्नेटला लावला. मी वेडा झालो. म्हटलं, "सगळ्या बँडला लाव!" कल्पना माझी, आग्रह माझा. आम्ही अकरा जण मिठागराच्या बांधावर मांडी घालून बसलो आणि हाताने पारा चोळला. बाज्यांना, बटणांना, आणि ओठाला लावतो त्या माउथपीसलाही. झळाळी फार टिकायची नाही, म्हणून प्रत्येक लग्नाआधी पुन्हा चोळायचो. सांडलेल्या गोळ्या मातीत पळायच्या, त्या पकडताना हसायचो. लोक म्हणायला लागले, सारसोळ्याचा बँड चांदीचा. मी काय फुगलो होतो तेव्हा!

मास्तर त्या दिवाळीनंतर आजारी होते, बरेच रविवार आले नव्हते. बरे झाल्यावर ते गावी जायच्या आदल्या दिवशी आम्हाला भेटायला आले. बांधावर नामाने त्यांना ते पाठवणीचं गाणं ऐकवलं. मला वाटलं, मास्तर आता त्याला मिठी मारणार. मास्तर गंभीर झाले. जाताना मला वाटेपर्यंत घेऊन गेले.

"काशीनाथ, हे मी शिकवलं नाही," ते म्हणाले. "हा सूर पहिल्या क्षणापासून हलतो."

"लोक वेडे होतात मास्तर."

"लोकांचं सोड. तू त्याला सांग, थांबव. थांबला तर कला. नाही थांबला तर डॉक्टर." मग माझा दंड धरून म्हणाले, "मी तीन महिने नाही. त्याचा तू नातेवाईक आहेस. उशीर करू नकोस, समजला ना?"

समजलं होतं. चांगलं समजलं होतं. हे मी आज कबूल करतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

घरी येताना माझ्या डोक्यात काय चाललं होतं, तेही सांगतो. घणसोलीच्या एका बड्या शेतकऱ्याची सुपारी आमच्याकडे होती. सुपारी म्हणजे लग्नाचं ठरलेलं काम. त्याची एकुलती एक मुलगी. स्वतः येऊन तो बजावून गेला होता, "कॉर्नेट रडला पायजे. माझी पोर जाते हे अख्ख्या गावाला कलाया पायजे. तो नामा नसंल तर तुमी पन नको." पाच गावांची माणसं येणार होती. ते लग्न गाजलं की आमच्या बँडला पनवेलपर्यंत मागणी येणार होती. नामाला डॉक्टरकडे नेलं आणि डॉक्टरने वाजवणं बंद कर म्हणून सांगितलं तर? मी ठरवलं, घणसोलीचं लग्न होऊ दे, मग नेऊ. अडीच महिन्यांनी काय बिघडतंय! नामाला मी एका शब्दाने बोललो नाही. उलट त्याचा हात जास्त हलला की मनात बरंच वाटायचं. बापरे, माणूस असाही होऊ शकतो.

घणसोलीला आम्ही सकाळीच पोचलो. गावठाणात घराला घर चिकटलेलं, मांडव थेट गल्लीभर. माणसं ओट्यांवर, छपरांवर. आमचा चांदीचा बँड आत शिरला तेव्हा शिट्ट्या वाजल्या. नामा मात्र भिंतीकडे तोंड करून उभा होता, कोट घामाने भिजलेला. हिराही लग्नाला आली होती, बायकांत बसली होती.

दुपारी बाराचा मुहूर्त. मंगलाष्टकं संपली, अंतरपाट खाली आला. ढोलवाल्याने टिपरू वर धरलं. सगळा मांडव गप्प. नामाने कॉर्नेट ओठाला लावला आणि सलामीचा सूर सुरू झाला.

तो हलत होता. पहिल्या मात्रेपासून. आधी लोकांना वाटलं, रडणारा कॉर्नेट आहे, त्याची लकब असेल. पण तिसऱ्या मात्रेला सूर फाटला. पुन्हा लागला, पुन्हा फाटला. नामाचे दोन्ही हात कोपरापासून थडथडत होते, माउथपीस ओठांवर ठरत नव्हता, दातांवर आपटल्याचा आवाज मला शेजारी ऐकू येत होता. हनुवटीवरून लाळ कोटावर गळत होती. तो डोळे घट्ट मिटून सूर सरळ करायचा प्रयत्न करत होता आणि सूर होत नव्हता. ढोलवाला टिपरू वर धरून तसाच उभा, कारण सूर संपल्याशिवाय वाजवायचं नाही ही आमची रीत. नवरीच्या आईने तोंडाला पदर लावला. मागून कुणी म्हातारी ओरडली, "अरं हा काय अपशकुन!"

मी माझा कॉर्नेट उचलला आणि तो सूर घेतला. सरळ, आठ मात्रा. कसा घेतला देव जाणे. बँड कोसळला, अक्षता पडल्या, लोक ओरडले. मी वळून पाहिलं तर नामाने कॉर्नेट खाली केला होता. पण त्याचे हात अजून तसेच हलत होते. वाजवणं थांबलं होतं आणि कंप चालूच होता. नामा माझ्याकडे बघत होता. रागाने नाही. नुसता बघत होता.

हिरा बायकांतून उठून थेट पुरुषांत आली, त्याच्या हातातून कॉर्नेट घेतला, आणि त्याचे दोन्ही हात स्वतःच्या हातांत दाबून धरले. तिचेही हात हलायला लागले.

दुसऱ्या दिवशी मी त्याला मुंबईच्या एका मोठ्या दवाखान्यात नेलं. नेलं म्हणजे आता नेलं! डॉक्टर वयस्कर होते. त्यांनी नामाला कागदावर नाव लिहायला सांगितलं. नामा शाळेत सुंदर लिहायचा. कागदावर नुसता चिखलातल्या खेकड्याचा माग उमटला. त्यांनी हिरड्या पाहिल्या आणि विचारलं, "काम काय करतोस?"

"नळ्यांत पारा भरतो."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "किती वर्षं?"

"चार झाली."

मग त्यांची नजर माझ्याकडे गेली. मी सवयीने खिशातला माउथपीस काढून हातात फिरवत होतो. वाजवणाऱ्यांना ही खोडच असते. "हे चांदीचं आहे का?" त्यांनी विचारलं.

आणि मी, शहाणा, अभिमानाने म्हणालो, "नाय साहेब, पितळेचाच हाय. आमी पारा लावतो. अख्ख्या बँडला."

ते खुर्चीतून उठलेच. "हे तोंडाला लावता?" त्यांचा आवाज चढला. "अरे, विष आहे ते! याच्या हाताला जो कंप आहे ना, तो पाऱ्याचा आहे. पाऱ्याची वाफ रोज छातीत गेली, तिने नसा खाल्ल्या. चिडणं, लाजणं, लाळ गळणं, सगळं त्याचंच. आणि तुम्ही घरी आणून ओठांना चोळता?"

आठवडाभरापासून माझ्या हिरड्या दुखत होत्या; मी समजत होतो दाढ आहे. डोळ्यांसमोर आमचे अकरा जण आले, बांधावर हसत पारा चोळणारे. आणि त्याहून भयंकर दुसरं काही आठवलं: पाच गावांतली ती माणसं, सोग्याने डोळे पुसणारी. एक माणूस विषाने थडथडत होता आणि आम्ही वाहवा म्हणत होतो. मी तर ते शिकायला त्याच्या मागे लागलो होतो.

"औषध?" नामाने हळूच विचारलं.

"आजपासून त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, हे औषध. हळूहळू उतरेल. सगळं उतरेल की नाही, सांगता येत नाही. आणखी दोन-तीन महिने आधी आला असतास तर मी जास्त खात्रीने बोललो असतो."

हे शेवटचं वाक्य त्यांनी नामाला सांगितलं. बसलं ते मला.

गावात पोचताच मी घरोघरी धावलो, सगळे माउथपीस आणि ती बाटली गोणीत भरली आणि धक्क्यावरून खाडीत भिरकावून दिली. विष गेलं म्हणून हात जोडले. त्याच खाडीतली निवटी आणि चिंबोऱ्या आम्ही जन्मभर खाल्ल्या! पाण्यात गेलेला पारा मासळीत उतरतो, हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं? मला ते कळलं वीस वर्षांनी, वर्तमानपत्रात काहीतरी वाचून, आणि त्या रात्री मी मासळीचं ताट बाजूला सारलं.

मास्तर परत आले. त्यांनी सगळं ऐकलं आणि मला एवढंच विचारलं, "मी सांगितल्यावर कधी नेलास?" मी खरं सांगितलं. ते छत्री उचलून चालते झाले. पुढचे तीन रविवार आले नाहीत.

नामाने काम सोडलं आणि पुन्हा जाळ्यांकडे वळला. पहिले कित्येक महिने त्याला जाळ्याची गाठसुद्धा मारता यायची नाही. नवे माउथपीस आणून आम्ही बँड चालू ठेवला, सलामी मी लावायचो. गिऱ्हाइकं विचारायची, "तो रडनारा कुठं गेला?" बरा होतोय म्हटलं की त्यांची तोंडं पडायची. घणसोलीकडचा एक जण तर मला म्हणाला, "बरा झाल्यावर पन तसाच वाजवंल ना?" मी त्याच्या अंगावर धावून जाणार होतो, पण कुठल्या तोंडाने?

दोन पावसाळे गेले. एका रविवारी नामा आपणहून बांधावर आला, माझ्या हातातला कॉर्नेट घेतला आणि खाडीकडे तोंड करून सूर लावला. समोर एक होडी चालली होती. सूर सरळ होता. होडी खुंटापाशी पोचली तरी सरळ. मास्तरांनी टोपी काढली. मग नामाने तोच सूर पुन्हा लावला, नीट उभा केला, आणि शेवटाकडे किंचित हलवला. जरासाच. आणि थांबवला. मास्तर म्हणाले, "आता शिकलास," आणि खिशातला रुमाल शोधायला लागले.

आम्ही सगळे त्याला उचलूनच घेणार होतो. नामा म्हणाला, "मना कशाला उचलता? या काशाला उचला. यानं मना दवाखान्यात नेला म्हनून मी आज हितं उभा हाय." पोरांनी खरंच मला खांद्यावर घेतलं.

मला ते सहन झालं नाही. मी खाली उतरलो, त्याला बांधाच्या टोकाला घेऊन गेलो आणि सगळं ओकलो. मास्तरांनी आधीच सांगितलं होतं. मला माहीत होतं. घणसोलीच्या लग्नासाठी मी अडीच महिने गप्प बसलो. शिव्या घाल, मार, हिराला सांग, पण माझे आभार मानू नको.

नामाने चिखलाकडे बघत ऐकून घेतलं.

"मना ठावं हाय," तो म्हणाला.

"काय ठावं हाय?"

"मास्तर गावाला गेला ना, त्या सकाळी माझ्या घरी आला होता. मना बोलला, काशीनाथला सांगितलाय, तो तुना डॉक्टरकडं नेईल, त्याच्यासंगं जा."

मी म्हणालो, "मग तू बोलला का नाय मना? हिराला घेऊन का नाय गेला?"

"मना परक्या मानसाचा लय भेव वाटायचा रं तेव्हा. हिरासंगं दोनदा धक्क्यापर्यंत गेलो, परत आलो. तू असशील तर जाईन असा वाटायचा. कामाला सुट्टी असली की सकाळीच हिरा मना धुतलेला शर्ट घालायची, बटनं लावून द्यायची. मी ओट्यावर बसून रायचो."

"कशाला?"

"तू येशील म्हनून."